डबल बेलनंतरची टिचकी

बसमध्ये बेलचे नियम दोनच. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. कंडक्टर दोरी ओढतो, माझ्या डोक्यावरची पितळी वाटी वाजते आणि माझा पाय आपोआप हलतो. डोकं वापरायची वेळच येत नाही. आमचा कंट्रोलर तर म्हणतोच, ड्रायव्हरला डोकं दिलंय ते टोपी अडकवायला.

अकरा वर्षं मी एकाच कंडक्टरबरोबर गाडी चालवली. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. घरीही मास्तरच म्हणतो. तीच सवय ठेवली की बाहेर जीभ घसरत नाही. या मास्तरच्या डबल बेलला एक शेपूट असायचं. टण, टण, आणि मग अगदी हलकी एक टिचकी. प्रवाशांना वाटायचं, सोडलेली दोरी हलली असेल. ती दोरी हलत नव्हती. ती टिचकी माझ्यासाठी होती. मी आहे रे मागे, असं सांगणारी. दिवसाला दीडशे तरी टिचक्या व्हायच्या, आणि घराबाहेर आम्ही एकमेकांना तेवढंच काय ते देत होतो.

घरी दोन खोल्या आणि दोन खाटा. एक झोपायला, एक दाखवायला. शेजारच्यांच्या लेखी आम्ही डेपोतले दोन सडे, भाडं वाचवायला एकत्र राहणारे. रस्त्याने चालताना मी चार पावलं पुढे. दुकानात वेगवेगळे शिरतो. बसमधून घरी येताना तो मागच्या दाराशी उभा, मी पुढे. कोणी शिकवलं नाही हे. भीती शिकवते आणि फार छान शिकवते.

डेपोत मात्र सगळे आम्हाला नवरा-बायको म्हणतात. यात विशेष काही नाही, जुन्या जोडीला आमच्याकडे हेच म्हणायची पद्धत आहे. मास्तर रजेवर असला की कोणीतरी ओरडणारच, “काय रे, आज बायको माहेरी?” सगळे हसतात. सगळ्यात मोठ्याने मी हसतो. हसता हसता कोण किती वेळ हसतोय, कोण लवकर थांबला, हे बघत असतो. मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कोणाचा गैरसमज व्हायला नको.

त्या दिवशी दुपारी साडेचारची फेरी होती. हॉस्पिटलपासून धरणाच्या कॉलनीपर्यंत. हॉस्पिटलच्या स्टॉपवर दोन पोरं चढली. विशी-बाविशीची असतील. एकाच्या हाताचं प्लास्टर नुकतंच काढलेलं होतं. दीड-दोन महिने झाकलेला हात कसा दिसतो ते ज्याने बघितलंय त्याला कळेल. पांढराफटक, काडीसारखा, वर कोंडा धरलेला. दुसरा पिवळ्या शर्टातला. तो त्या हाताकडे बघून हसत होता आणि हातवाला त्याला कोपराने ढोसत होता. दोघं तिसऱ्या सीटवर बसले. ती सीट माझ्या आरशात अगदी मधोमध येते.

मार्केटला गाडी भरली. ट्रकच्या गॅरेजातला मिस्त्री रोजच्यासारखा चढला आणि इंजिनजवळच्या सीटवर बसला. एक बाई कडेवर मूल घेऊन. चष्मेवाले एक काका. निळ्या शर्टातले चौघं, एकाच कंपनीचे, शिफ्ट सुटलेली. ते मागे गेले. टण, टण, टिचकी. मी गिअर टाकला.

पाण्याच्या टाकीच्या चढाला मी सवयीने आरशात बघितलं. पिवळ्या शर्टवाल्याने तो वाळका हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. बोटं एकेक उघडून बघत होता, चालतात की नाही ते. चालत होती. मग त्याने मान खाली घातली आणि त्या हाताच्या मनगटावर ओठ टेकवले. घाईने नाही, चोरूनही नाही. आपण कुठे बसलोय हेच विसरलेला होता तो.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला राग आला. गाढवांनो, घरी नाही का जमत? आम्ही अकरा वर्षं चार पावलं पुढे-मागे चालतोय ते काय व्यायाम म्हणून? आणि त्या रागाच्या खाली भीती होती, तीही त्यांच्यासाठी कमी आणि आमच्यासाठी जास्त. त्यांच्याकडे कोणी बघितलं की पुढची नजर आमच्यावर येईल, असं मला कायम वाटतं. मी आरशातून डोळे काढले. पण कान कुठे ठेवणार?

“अहो, हे काय चाललंय?” काकांचा आवाज. “बसमध्ये लहान मुलं आहेत.”

“कोणाला म्हणताय?” पिवळा शर्ट.

“तुम्हालाच. लाजा नाहीत का?”

मूल घेतलेली बाई म्हणाली, “जाऊ द्या हो काका, माझं पोरगं झोपलंय, उठवू नका त्याला.” पण तोवर मागच्या सीटवरून शिट्टी आली. कोणीतरी म्हणालं, पुन्हा कर, फोन काढतो. मग हशा. मग पावलं. निळे शर्ट पुढे सरकत होते.

मास्तर मधल्या खांबाशी होता. तो त्या पोरांजवळ गेला आणि म्हणाला, “नीट बसा. लांब बसा.” त्याचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दूध उतू गेलं तरी न चिडणारा माणूस तो, माझ्यावर सुद्धा ओरडत नाही, म्हणजे बघा. आवाज चढवला होता, पण त्याखाली थरथर होती. ती कळणारा बसमध्ये मी एकटाच होतो.

“आम्ही काय केलं?” हातवाला म्हणाला.

“सांगितलं ना, लांब बसा.”

निळ्यांमधला एकजण, गळ्यात जाड साखळी होती त्याच्या, माझ्या केबिनच्या दांडीला येऊन टेकला. मिशीला तेल लावल्यासारखा गुळगुळीत बोलत होता. “ड्रायव्हरसाहेब, पुढे वीटभट्टीचा स्टॉप आहे ना?”

“आहे.”

“तिथे थांबवा. त्यांना उतरवा.” आणि हसला. “आम्ही पण तिथेच उतरतो.”

वीटभट्टीच्या स्टॉपला मी अकरा वर्षांत दहा-बारा माणसं उतरवली असतील. भट्टी केव्हाच बंद पडलीय. एक पत्र्याची शेड, मातीसाठी खणलेला मोठा खड्डा, आणि दोन्ही बाजूंना रस्ता सोडून काही नाही. दुकान नाही, घर नाही, ओरडलं तर ऐकायला कुत्रं नाही. पुढची बस चाळीस मिनिटांनी.  

त्याने हे मोठ्याने म्हटलं होतं. पण इंजिनचा आवाज, लोकांची कलकल. मास्तर तोवर पाच-सहा सीट मागे गेलेला. त्याला ऐकू गेलं नसणार, असं मी स्वतःला सांगितलं. त्याला ऐकू गेलं असतं तर त्याने काहीतरी केलंच असतं.

समोर वळणावर स्टॉपची पाटी दिसली. डोक्यावर बेल वाजली.

एक.

माझा पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला. मी काढला नाही, तो निघाला. अकरा वर्षांची सवय. गाडी हळू झाली. आरशात पिवळा शर्ट उठून उभा राहिला होता, एक हात हातवाल्याच्या पुढे आडवा धरून. साखळीवाला दारात जाऊन उभा. त्याने दांडी सोडली आणि बोटं मोडली, एकेक करून, कट कट कट. दाराचं बटण माझ्या उजव्या हाताशी. ते दाबलं की दार उघडतं. माझं काम तेवढंच. बाकी रस्त्यावर काय होतं ते ड्रायव्हरच्या ड्युटीत येत नाही.

मी पाय परत अॅक्सिलरेटरवर ठेवला. शूर झालो म्हणून नाही. मला दिसलं की दार उघडायचं बटण मीच दाबणार, आणि पुढे आयुष्यभर रात्री कूस बदलताना तेच बटण दाबत राहणार. त्याची मला जास्त भीती वाटली.

पाटी मागे गेली. बेल वाजली. एक. पुन्हा वाजली. एक. तीन वेळा मास्तरने मला थांब म्हटलं आणि तीन वेळा मी थांबलो नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“ओ ड्रायव्हर! बेल ऐकू येत नाही का?” काका.

“काय रे ए,” साखळीवाला परत दांडीशी आला. आता बोलण्यातला ‘साहेब’ गेला होता. “तुझे कोण लागतात ते?”

हा प्रश्न. हाच प्रश्न मी अकरा वर्षं टाळत होतो. काहीतरी बोलायला हवं होतं आणि लगेच, कारण गप्प राहणं हेही उत्तरच झालं असतं.

“ब्रेकला हवा कमी आहे,” मी म्हणालो. “काटा पडलाय. मध्ये कुठेच थांबवता येणार नाही. थेट डेपोत नेतो.”

आणि ब्रेक दोनदा हलकेच दाबून सोडला. फुस्स, फुस्स आवाज झाला. गाडी हिसका देऊन पुढे गेली.

बोलल्याबरोबर लक्षात आलं की मी काय घोळ घातलाय. हवेची बोंब असली तर गाडी थांबवायची असते, पळवायची नाही. हे शेंबडं पोरही सांगेल, आणि माझ्या मागे इंजिनजवळच्या सीटवर ट्रकचे ब्रेक खोलून पोट भरणारा मिस्त्री बसला होता. मी आरशात बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. मग त्याने मान लांब करून डॅशबोर्डवरचा काटा बघितला. काटा ठणठणीत होता, आठवर. त्याची नजर काट्यावरून पोरांवर गेली, पोरांवरून साखळीवाल्यावर, आणि परत माझ्यावर आली. माझा सगळा जीव त्या माणसाच्या तोंडात होता.

“मग चालवतोस कशाला? थांबव ना!” साखळीवाला ओरडला.

“थांबवली तर चाकं जाम होतील,” मिस्त्री म्हणाला. निवांत, विडी मागावी तशा आवाजात. “मग भर रस्त्यात जागेवरून हलणार नाही. मागून ट्रक आला तर आपली चटणी. बसा खाली, आणि दांडी धरा.”

काकांनी समोरची सीट दोन्ही हातांनी धरली. बाईने मूल छातीशी घट्ट धरलं. निळे शर्ट मिळेल तिथे टेकले. आता सगळेच माझ्याइतके घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मनगटाकडे बघायला सवड नसते. साखळीवाला तेवढा उभा राहिला. माझ्या मानेवर त्याचा श्वास लागत होता. डेपोपर्यंत बावीस मिनिटं लागली. मास्तरने एकदाही बेल दिली नाही.

डेपोच्या फाटकातून गाडी आत घेतली तेव्हा संध्याकाळची पाळी बदलत होती. वीस-पंचवीस ड्रायव्हर-कंडक्टर, वॉचमन, गाड्या धुणारे. इतकी माणसं बघून मला रडू आलं असतं. मी दार उघडलं आणि पोरांना म्हणालो, “मागच्या फाटकातून जा. तिथून दुसऱ्या रूटची गाडी सुटतेय, तिच्यात बसा.”

“थँक्यू काका,” हातवाला म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

“बसमध्ये नीट बसत जा,” मी त्याच्यावर खेकसलो. का खेकसलो? साखळीवाला ऐकत होता म्हणून. अजूनही ते वाक्य आठवलं की अंगाची लाही होते. ती दोघं पळत गेली. या वेळी एकमेकांपासून लांब लांब.

माझी बोटं स्टिअरिंगवरून निघेनात, इतकी आखडली होती. ती सोडवून खाली उतरेपर्यंत निळ्यांनी कंट्रोलरला गाठलं होतं. कंडक्टरने तीनदा बेल दिली, याने गाडी थांबवली नाही, त्या असल्या पोरांना वाचवलं. कंट्रोलर हातात चहा घेऊन बाहेर आला. तो वाईट माणूस नाही. भांडण मिटवायला थट्टा करायची त्याची सवय.

“काय रे,” तो म्हणाला, “आज नवरा-बायकोचं जमलं नाही वाटतं?”

सगळे हसले. पद्धतच आहे आमच्याकडे. मीही हसायला तोंड उघडलं. साखळीवालाही हसला, आणि मग हसता हसता थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग मास्तरकडे. मग परत माझ्याकडे, सावकाश, रेल्वेचे दोन डबे जोडून बघावेत तसं. अकरा वर्षं मी ज्या नजरेची वाट बघत होतो ती हीच. मी गाडीचा पत्रा धरला.

“मास्तर, बेल दिली होतीस?” कंट्रोलरने विचारलं.

नाही म्हण. मी मनात हात जोडत होतो. नाही म्हण, नाहीतर हो म्हण, काहीही म्हण, फक्त माझ्याकडे बघू नकोस.

“दिली होती,” मास्तर म्हणाला. जमिनीकडे बघत. “सिंगल. तीन वेळा. त्याने थांबवली नाही ते बरं केलं. माझी चूक झाली.”

“चूक कसली? बेल म्हणजे बेल. ड्रायव्हरने ऐकायलाच पाहिजे,” कंट्रोलर म्हणाला, आणि चहाचा घोट घेऊन निकाल देऊन टाकला. मला मेमो. उद्यापासून मास्तर दुसऱ्या गाडीवर. जोडी मोडली. “दोघांनाही जरा हवा बदल,” असं म्हणून तो परत हसला, आणि लोक पुन्हा हसले. निळे शर्ट फाटकाबाहेर गेले. साखळीवाल्याने जाताना दोनदा वळून बघितलं.

गाड्या धुवायच्या नळावर मास्तर तोंड धूत होता. धूतच होता, पाणी वाहत होतं.

“तुला ऐकू गेलं नसेल,” मी म्हणालो. “ते तिथेच उतरणार होते. त्यांच्या मागे.”

त्याने नळ बंद केला. तोंड पुसलं नाही.

“ऐकलं होतं रे,” तो म्हणाला. “शब्द न् शब्द ऐकला. तरी ओढली दोरी. माझ्या मनात काय होतं सांगू? ती पोरं उतरली की बसमध्ये आपल्याकडे कोणी बघणार नाही. एवढंच.” मग म्हणाला, “तीनदा ओढली.”

मला त्याच्यावर चिडायचं होतं. चिडता आलं नाही. दोरी माझ्या हातात असती आणि गाडी त्याच्या, तर मीही ओढली असती. चौथ्यांदाही ओढली असती. ज्या माणसाशिवाय मला झोप येत नाही, तो भीतीपोटी माणसं खड्ड्यात उतरवू शकतो, आणि मीही, हे मला नळाजवळ उभं राहून कळलं. भीतीने आम्हाला अकरा वर्षं सांभाळलं होतं, आणि त्याचा मोबदला आज मागितला होता.

“चल घरी,” मी म्हणालो.

साडेसहाची बस पकडली. ड्रायव्हर नवीन, तोंडओळखीचा. गाडी निम्मी भरलेली. मी सवयीप्रमाणे पुढे जाऊन दांडी धरली. मागे वळून बघितलं तर मास्तर मागच्या दाराशी नव्हता. तो तिसऱ्या सीटवर बसला होता, खिडकीशी, बाजूची जागा मोकळी ठेवून. माझ्याकडे बघत नव्हता. बोलावतही नव्हता. त्याचा हात मांडीवर होता आणि जोरात थरथरत होता. म्हातारपणी थरथरतो तसा.

मी जाऊन बसलो. एवढंच केलं, दोन माणसांच्या सीटवर दुसरा माणूस बसला. मागे कोणीतरी मोठ्याने हसलं. आम्ही दोघंही दगड झालो. मग कळलं, कोणी फोनवर बोलत होतं, त्याच्या मेव्हण्याची काहीतरी फजिती झाली होती.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. थरथर थांबवायला म्हणून. वर पिशवी ठेवावी असं मनात आलं, पण पिशवी डेपोत राहिली होती.

त्या बसच्या कंडक्टरने दोरी ओढली. टण, टण. बेलला शेपूट नव्हतं, कसं असणार? मी नकळत पुढचं ऐकायला थांबलो होतो. आणि माझ्या हाताखाली मास्तरचं एक बोट हललं. माझ्या तळव्यावर नखाने हलकेच, एकदा.

मी डोळे उचलले. समोर ड्रायव्हरच्या डोक्यावरचा गोल आरसा होता. तिसरी सीट त्यात अगदी मधोमध येते. ड्रायव्हर आरशात बघत होता.

आमचा स्टॉप अजून पाच स्टॉप पुढे होता. मी हात काढला नाही.